मास्तरीणबाईंनी कपाट बेतलं

मास्तरीणबाईंनी उभ्या आयुष्यात कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. त्या गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्तर होत्या, तब्बल बत्तीस वर्षं. लांबलचक टेबलावर कापडाचे साठ-साठ थर अंथरायचे, वर कागदाचे साचे मांडायचे आणि मग यंत्र चालवायचं. कापणं सोपं, खरी कसोटी साचे मांडण्यात. बाही उलटी फिरवली तर काखेच्या खळग्यात कॉलर बसते, कॉलर तिरकी केली तर शेजारी खिसा मावतो. इतर मास्तरांच्या टेबलाखाली कतरणीची पोती भरायची, बाईंच्या टेबलाखालची कतरण एका घमेल्यात मावायची. सगळ्या मास्तरांत बाई अशी त्या एकट्याच, म्हणून नाव पडलं मास्तरीणबाई. ते नाव कारखाना सुटला तरी सुटलं नाही.

निवृत्त झाल्यावर तीन वर्षांनी त्या जिन्यात पडल्या आणि उजव्या खांद्याचं हाड मोडलं. हाड सांधलं, पण हात काही खांद्याच्या वर जाईना. व्यायाम झाले, शेक झाले, डॉक्टरांनी शेवटी सांगून टाकलं, "एवढाच." मग मुलगा त्यांना आपल्या घरी घेऊन आला. मुलगा बस डेपोत मेकॅनिक, सून इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायला. घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत बाईंचा पलंग, त्याच्या बाजूला खिडकीशी त्यांचं शिलाई मशीन. आतल्या खोलीत मुलगा-सून आणि घरातलं एकुलतं एक कपाट.

कपाट भिंतीत बांधलेलं होतं. पाच फूट रुंद, दोन फूट खोल, उंची थेट छतापर्यंत. आत एक दांडी, दांडीच्या वर एक फळी, बाकी सगळा राम भरोसे. दांडीवर कपडे इतके दाटलेले की एक ओढला तर तीन सोबत यायचे. खाली चपला, चादरी, पिशव्या, खोके यांचा डोंगर. सून दार लावायची ते गुडघा टेकवून.

बाईंचे कपडेही त्याच दांडीवर होते, आणि दांडी पावणेसहा फुटांवर. कारखान्यापासूनची सवय, बाई सैल शर्ट आणि पँट घालायच्या. पण तो शर्ट त्यांना स्वतःला काढता येईना. रोज सकाळी सून कामावर निघता निघता विचारायची, "आई, आज कुठला काढू?" विचारायची चांगल्या मनाने, पण घाईत. बाई म्हणायच्या, "कुठलाही काढ गं." ज्या बाईने एका नजरेत हजार शर्ट बेतले, तिला अंगावरचा एक शर्ट दुसऱ्याच्या हातून घ्यावा लागत होता.

एकदा सून विसरली. इस्पितळातून लवकर बोलावणं आलं आणि ती तशीच धावली. बाई दुपारी साडेतीनपर्यंत झोपायच्या गाऊनमध्ये बसून होत्या. मध्ये शेजारीण बेल वाजवून गेली, बाईंनी दार उघडलं नाही. पायही न वाजवता पलंगावर बसून राहिल्या. संध्याकाळी सुनेच्या लक्षात आलं तेव्हा तिला रडूच फुटलं. बाईच तिची समजूत घालत बसल्या.

त्यानंतरच्या बुधवारी जेवताना मुलाने विषय काढला.

"रविवारी पाच वाजता सुतार येतोय माप घ्यायला. बाहेरच्या खोलीत आईसाठी वेगळं कपाट करून घेऊ. तिच्या उंचीचं."

"बाहेरच्या खोलीत कुठे?" बाईंनी विचारलं.

"खिडकीशी. तेवढीच तर भिंत आहे."

"तिथं मशीन आहे."

मुलगा ताटात बघत म्हणाला, "आई, आता मशीन कशाला? तुझा हात असा. पडल्यापासून शिवलंयस का तू काही? कुणाला तरी देऊन टाकू, वापरात तरी राहील."

त्याचं काही चुकत नव्हतं, हेच बाईंना जास्त लागलं. त्यांनी चमचा खाली ठेवला. "नवं कपाट नको. आहे त्या कपाटात निम्मी जागा रिकामी आहे."

मुलगा हसला. "आई, त्यात टाचणी ठेवायला जागा नाही!"

"टाचणीला नसेल. कपड्यांना आहे. रविवारी पाचच्या आत दाखवते. नाही दाखवलं तर सुताराला खुशाल माप घेऊ दे, मशीनही न्या."

सून भांडी गोळा करायला उठली. ती बोलली नंतर, भांडी विसळताना. "आई, स्पष्टच सांगते, रागावू नका. माझ्या वस्तूंना कुणी हात लावलेला मला चालत नाही. आणि हे टाक, ते टाक असं कुणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं. माझ्या आईने असंच सगळं आवरायला काढलं होतं, माझी अर्धी पुस्तकं गेली त्यात."

"माझा हात जातोय कुठे वर, लावायला?" बाई म्हणाल्या. "उचलायचं तू, ठेवायचं तू. मी नुसती मापं घेणार. आणि टाक म्हणून एकदाही म्हणणार नाही. टेबलावर आलेलं कापड कुणी आणलं, का आणलं, हे मास्तर विचारत नसतो. आहे ते बसवायचं, एवढंच."

सुनेने ताट पुसून ठेवलं. "बरं," म्हणाली. पण त्या 'बरं'मध्ये फारसा जीव नव्हता.

गुरुवारी दोघं कामावर गेल्यावर बाईंनी स्टूल ओढलं, कपाटाची दारं उघडली आणि समोर बसून राहिल्या. तासभर नुसतं बघणं. मग टेप काढून मापं घ्यायला लागल्या. जिथे हात पोचेना तिथे टेपचं टोक झाडूच्या दांड्याला बांधलं. दांडीवरचे कपडे मोजले, त्रेचाळीस. त्यातले लांब, म्हणजे कोट आणि गाऊन वगैरे, फक्त सहा. बाकी सगळे शर्ट, पँटी, सुनेचे प्रयोगशाळेतले आखूड पांढरे डगले. कुठलाही अडीच फुटांच्या खाली येत नव्हता. म्हणजे सदतीस कपड्यांच्या खाली तीन फूट नुसती हवा, आणि त्या हवेत तो डोंगर. फळीच्या वर छतापर्यंत सव्वादोन फूट, तिथे तीन बॅगा. बाईंनी झाडूने एक ढकलून पाहिली तर ती अलगद सरकली. तिन्ही रिकाम्या! घरातली सगळ्यात मोक्याची जागा तीन बॅगांमधल्या हवेने अडवलेली. बाई एकट्याच मोठ्याने हसल्या.

मग त्यांनी जुने पेपर घेतले आणि कापायला बसल्या. चादरींच्या चळतीचा एक कागद, पांघरुणांचा एक, बुटांचे, स्वेटरांचे, खोक्यांचे. प्रत्येकावर पेन्सिलीने लिहिलं. खडूने फरशीवर कपाट आखलं, निम्म्या मापाने, आणि त्यात कागद मांडायला सुरुवात केली. पहिल्या खेपेला अकरा कागद बाहेर राहिले. दुसऱ्या खेपेला आठ. शुक्रवारी संध्याकाळी सून घरी आली तेव्हा सासूबाई फरशीवर मांडी घालून बसल्या होत्या, केसांत पेन्सिल, बाजूला तीन कागद उरलेले.

"हे काय आई?"

"पांघरुणं बसत नाहीयेत. फुगीर असतात ना मेली."

सून पर्स न काढताच खाली वाकली. बघता बघता उकिडवी बसली. "ह्या बॅगा रिकाम्या आहेत म्हणता ना? मग पांघरुणं बॅगांच्या पोटात घातली तर?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग तीन कागद उचलून बॅगांच्या कागदावर ठेवले. फरशीवर एकही कागद बाहेर उरला नाही. उलट उजव्या बाजूला वीतभर पट्टी मोकळी दिसायला लागली.

"अगं, तू आमच्या कारखान्यात हवी होतीस," बाई म्हणाल्या. "तुला पहिल्याच महिन्यात टेबल दिलं असतं."

सून लाजली. मग पर्स पलंगावर टाकून म्हणाली, "चादरी आडव्या कशाला रचायच्या? आमच्याकडे नमुन्यांच्या काचा उभ्या लावतात. एक ओढली की एकच येते." त्या संध्याकाळी जेवायला उशीर झाला आणि मुलाने स्वतःच अंडी फोडून पोळा केला.

शनिवारी सकाळी बाईंनी मशीनवरचं आच्छादन काढलं.

पडल्यापासून त्यांनी मशीनला हात लावला नव्हता. आपल्याला जमणार नाही, असं कुणी सांगितलं नव्हतं. ते त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. त्यांच्या जुन्या घरातले जाडजूड पडदे पिशवीत पडून होते, पडद्यांची दांडीही होती. बाईंनी डाव्या हाताने दोरा ओवला, कापड सुईखाली सारलं आणि उजवा हात टेबलावर ठेवला. तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं, की मशीनवर हात खांद्याच्या वर न्यावा लागतच नाही. लागते ती कोपराखालची हालचाल, आणि ती जशीच्या तशी होती. त्यांनी पायडल दाबलं. पहिली शिवण थोडी वाकडी गेली. दुसरी सरळ. तिसरीला त्या गुणगुणायला लागल्या. दुपारपर्यंत सहा भक्कम पट्टे तयार झाले, दोन्ही टोकांना फासे असलेले, वरच्या दांडीला अडकवून खाली दुसरी दांडी टांगायला. शिवाय दोन्ही दारांच्या आतून लावायला खिशांचे दोन मोठे पडदे, एकेकाला सोळा खिसे. मुलगा डेपोतून आला तो जिन्यातच थबकला. मग मशीनचा आवाज ऐकत ऐकत वर आला.

रविवारी मुलाची अर्धा दिवस पाळी होती. तो बाहेर पडताच सासू-सुनांनी कंबर कसली. बाई स्टुलावर, सून कपाटाशी. "सगळं बाहेर," बाईंनी सांगितलं, आणि कपाट पोट मोकळं करायला लागलं.

काय काय निघालं म्हणून सांगावं! पाच छत्र्या निघाल्या, त्यातल्या दोन कधी उघडल्याच नव्हत्या. मुलाची कात्री हरवली म्हणून आणलेल्या चार कात्र्या. पांढरे डगले तर संपेचनात. सून एकेक मोजत होती आणि तिचा चेहरा पडत चालला होता. अकरा.

"दरवेळी सापडत नाही म्हणून मी नवा आणते, आई."

"चांगलं आहे की. दोन आठवडे धुणं नाही केलंस तरी चालेल."

दोघी हसून लोळायच्या बाकी राहिल्या. अगदी मागे, भिंतीला टेकून, एक सहा फुटी जाड फळी निघाली. मुलाच्या लग्नाआधीच्या पलंगाची, कधीतरी उपयोगी पडेल म्हणून ठेवलेली. ती दाराशी उभी केली.

बारा वाजता दुसरी दांडी टांगली. वर मुलाचे आणि सुनेचे शर्ट, खाली, बाईंच्या कमरेच्या उंचीला, बाईंचे. बाईंनी बसल्या जागेवरून हात लांबवला. निळा शर्ट सहज हातात आला. त्यांनी तो मांडीवर घेऊन त्याची कॉलर सरळ केली. "परत लावते हं," म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतः तो परत लावला.

सून पांढऱ्या डगल्यांची शेवटची खेप अडकवत होती आणि धाडकन आवाज झाला. भिंतीतले स्क्रू उपसून दांडीचं एक टोक खाली आलं. त्याच्यासोबत दुसरी दांडी, पट्टे, त्रेचाळीस कपडे आणि भिंतीचा मूठभर गिलावा. खोलीत आता गुडघाभर कपडे होते आणि कपाट साफ रिकामं. नेमका त्याच वेळी मुलगा दारात उभा राहिला.

"आई, हे काय मांडलंयस!" तो ओरडला. "सांगत होतो ना मी? त्या दांडीत आधीच जीव नव्हता. आता सुतार येऊन बघेल काय? तुझ्या हट्टापायी..."

"थांब," सून म्हणाली.

मुलगा थांबला. ती त्याच्याशी कधी असं बोलत नसे.

"तीन दिवस त्या फरशीवर बसून काम करताहेत. मी पाच वर्षांत या कपाटात मला हवं ते एकदाही पहिल्या फटक्यात शोधू शकले नाही, आणि आता मला डोळे मिटून सांगता येईल की कुठे काय जाणार आहे. दांडी पडली तर दांडी बसवू. ओरडू नकोस."

बाईंचं या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. त्या पडलेल्या दांडीकडे बघत होत्या. पाच फुटांची दांडी, आधार फक्त दोन टोकांना, आणि आता तिच्यावर दुसऱ्या दांडीचंही वजन. चूक त्यांचीच होती. मांडणीत त्यांनी जागा बघितली होती, भार बघितला नव्हता. कापडाला वजन नसतं, सगळं टेबल उचलतं. इथे टेबल कुठे होतं?

"अरे," त्या मुलाला म्हणाल्या, "बस बिघडली की तू खाली जॅक लावतोस ना?"

"हो. मग?"

"मग या दांडीला मध्ये जॅक लावून दे." त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. "ती फळी. उभी कर."

मुलाने फळीकडे पाहिलं. मग कपाटाकडे. राग ओसरून त्याच्या चेहऱ्यावर डेपोतला माणूस आला. त्याने टेप मागितला. "वर दोन बोटं कमी पडतील. खाली लाकूड सारतो. दांडीसाठी खाच पाडतो, म्हणजे भार भिंतीवर नाही, फळीवर येईल." तो बोलत बोलतच ड्रिल आणायला गेला.

ते तास दीड तास त्या खोलीत तिघांना एकमेकांकडे बघायलाही फुरसत नव्हती. फळी उभी राहिली आणि कपाटाचे दोन कप्पे झाले. डावीकडे रुंद, दोन दांड्यांचा. उजवीकडे अरुंद, सहा लांब कपड्यांचा, खाली चादरींचे क्रेट. फळांचे जुने क्रेट ओढले की पुढे यायचे आणि चादरी त्यांत फायलींसारख्या उभ्या. पांघरुणं बॅगांच्या पोटात, बॅगा वर. मोजे, कमरेचे पट्टे, रुमाल, कात्र्या, छत्र्या दारांच्या खिशांत. खालच्या कपड्यांखाली बुटांची एक ओळ. मुलाने दोन्ही हातांनी दांडीला लटकून पाहिलं. ती हललीसुद्धा नाही.

पाच वाजून पाच मिनिटांनी बेल वाजली. सुतार आला, कानामागे पेन्सिल, काखेत घडीची पट्टी. "कुठं करायचंय कपाट?"

मुलाने त्याला आतल्या खोलीत नेलं. म्हणाला, "आधी हे बघा."

सुताराने दारं उघडली. बोट आपोआप गेलं ते मधल्या फळीवर. त्याने ती ठोकून पाहिली, खाच पाहिली, क्रेट ओढून पाहिला, खिसे चाचपले, वर मान करून बॅगा पाहिल्या. मग खाली वाकून उजव्या कोपऱ्यात हात घातला. "इथं काही ठेवलेलं दिसत नाही?"

"ती जागा उरली," सून म्हणाली.

"उरली?" सुतार सरळ उभा राहिला. "या कपाटात? मी या इमारतीत सात घरी अशीच कपाटं वाढवून दिलीयत. फळी उभी करायची अक्कल कुणाची?"

"आईची," मुलगा म्हणाला. मग जरा मोठ्याने, "सगळंच आईचं. नवं कपाट नकोय आम्हाला. तुम्हाला उगाच खेप पडली, माफ करा. मशीन आहे तिथेच राहील."

बाई स्टुलावर ताठ बसून होत्या. चेहऱ्यावर काही दिसू नये याची खूप काळजी घेत होत्या, पण कान लाल झाले होते.

सुतार हसला. "खेप कसली पडतेय? मावशी, तुम्ही माझं एक काम बुडवलंत, आता एक करून द्या. माझ्याकडे एक डॉक्टरीणबाई आहेत. तिसऱ्यांदा कपाट वाढवून मागताहेत. आता वाढवायला भिंतच शिल्लक नाही. याल का नुसतं बघायला?"

"नुसतं बघायला मला एक तास लागतो," बाई म्हणाल्या. "आणि स्टूल लागतं."

"खुर्ची देतो, मावशी. गादीची."

पुढच्या रविवारी मुलाने त्यांना स्वतः नेऊन सोडलं. डॉक्टरीणबाईंचं कपाट भिंतभर होतं आणि तरी दारं लागत नव्हती. बाई खुर्चीत बसल्या. तासभर कुणाला बोलू दिलं नाही. डॉक्टरीणबाई दोनदा दारात डोकावून चवड्यांवर परत गेल्या. मग मापं झाली, कागद झाले, फरशी खडूने भरली. तिसऱ्या रविवारी सुताराने नव्या फळीवर पेन्सिलीची रेघ मारली, करवत हातात घेतली आणि बाईंकडे वळला. त्याचं काम त्याला वडिलांकडून आलेलं, हात तीस वर्षांचा मुरलेला. तरी तो थांबला होता.

"कापू का, मावशी?"

बाईंनी रेघ एकदा वरून खालपर्यंत पाहिली.

"अर्धं बोट डावीकडे," त्या म्हणाल्या. "आता कापा."